चंद्र केवढा दिसतो?

कोजागिरीच्या रात्रीं गच्चीवर दुधाचे पेले घेऊन बसलेल्या एखाद्या कुटुंबांतील मंडळींना कोणी सहज विचारावें कीं, वरचा चंद्र केवढा दिसतो? घरांतील आजीबाई म्हणतील, चांगला जेवणाच्या ताटाएवढा. सूनबाई म्हणतील, ताटाएवढा कसला, भाकरीएवढा म्हणावा. कॉलेजांत जाणारा नातू म्हणेल, छे, दहा रुपयांच्या नाण्याएवढा! प्रत्येकानें आपलें उत्तर प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहून दिलेलें असतें. म्हणून कोणीहि माघार घेत नाहीं. चंद्र तर एकच आहे, आणि तिघांचेहि डोळे धड आहेत. मग उत्तरें तीन कां?

याचें कारण असें कीं, या प्रश्नांतून एक शब्द गळलेला असतो, आणि तो शब्द म्हणजे अंतर. ताटाएवढा खरा; पण तें ताट कोठें धरलेलें? मांडीवर घेतलेलें ताट आणि अंगणाच्या पलीकडे उभें केलेलें ताट हीं डोळ्यांस सारखीं दिसत नाहींत. डोळ्याला वस्तूची लांबीरुंदी कळतच नाहीं. त्याला कळतो तो केवळ कोन. वस्तूच्या दोन कडांपासून निघणाऱ्या रेषा डोळ्यापाशीं येऊन मिळतात. त्यांच्यामधील कोन जेवढा मोठा, तेवढी ती वस्तु दिसावयास मोठी. तीच वस्तु दुप्पट दूर नेली कीं हा कोन जवळजवळ निम्मा होतो. कोन मोजण्याचीं मापें आपल्या जुन्या ज्योतिषांत आहेतच. वर्तुळाचे ३६० अंश, अंशाच्या साठाव्या भागास कला, आणि कलेच्या साठाव्या भागास विकला म्हणतात. या मापानें पूर्णचंद्र सरासरी ३१ कलांचा, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित् मोठा दिसतो. आकाशांतील वस्तूंच्या दिसण्यासंबंधीं एवढेंच एक विधान वादावांचून करतां येतें.

आतां हें माप घरांतील वस्तूंना लावून पाहावें. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आणि पृथ्वीपासून त्याचें सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. म्हणजे अंतर व्यासाच्या सुमारें ११० पट झालें. यावरून एक सोपा नियम निघतो. कोणतीहि वाटोळी वस्तु तिच्या रुंदीच्या ११० पट अंतरावर ठेवली, कीं ती चंद्राएवढी दिसते. दहा रुपयांचें नाणें २७ मिलिमीटर रुंद असतें. तें तीन मीटरांवर धरावें. वीतभर भाकरी वीस सेंटिमीटरांची असेल, तर ती २२ मीटरांवर. आणि तीस सेंटिमीटरांचें ताट ३३ मीटरांवर, म्हणजे रस्त्यापलीकडच्या चौथ्या घराच्या गच्चीवर ठेवावें लागेल. अंतर सांगितलें तर आजीबाई, सूनबाई आणि नातू हीं तिघेंहि खरीं ठरतात. न सांगितलें तर कोणीच खरें नाहीं. हात पूर्ण लांब केला असतां डोळ्यापासून बोटांचें अंतर साधारण साठ सेंटिमीटर भरतें. त्या अंतरावर चंद्र झांकावयास साडेपांच मिलिमीटरांची वस्तु पुरते. तुरीचा एक दाणा चिमटींत धरून एक डोळा मिटावा. एवढा थोरला चंद्र त्या दाण्यामागें लपतो. ज्यांनीं हें कधीं केलें नाहीं, त्यांस प्रथम तें खोटेंच वाटतें.

दाणा जवळ नसला तरी हात असतोच. लांब केलेल्या हाताची करंगळी सुमारें एक अंश रुंद दिसते, म्हणजे तिच्याआड दोन चंद्र शेजारीं शेजारीं राहतील. मधलीं तीन बोटें मिळून पांच अंश, आणि मूठ दहा अंश. लहान मुलाची मूठ लहान असते, पण त्याचा हातहि तेवढाच आंखूड असतो. म्हणून हीं मापें सर्वांना थोड्याफार फरकानें लागू पडतात. सप्तर्षींतील क्रतु आणि पुलह हे ध्रुव दाखविणारे दोन तारे. त्यांच्यामध्यें पांच अंशांहून थोडें अधिक, म्हणजे दहा चंद्र ओळीनें मांडतां येतील एवढें अंतर आहे. लग्नांत वधूवरांना वसिष्ठाशेजारची अरुंधती दाखवितात. त्या दोन ताऱ्यांमधील अंतर १२ कला, म्हणजे चंद्राच्या रुंदीचें सुमारें दोन पंचमांश. चंद्र तुरीचा दाणा, तर हें अंतर तिळाच्या रुंदीएवढें. कृत्तिकांचा पुंजका मात्र भल्याभल्यांना फसवितो. पूर्णचंद्र त्यावर आला तर सारा पुंजका झांकून टाकील, असेंच बहुतेकांस वाटतें. वास्तविक साध्या डोळ्यांस दिसणाऱ्या कृत्तिका एक अंशाहून अधिक पसरलेल्या आहेत. चंद्र त्यांच्या निम्म्या रुंदीचाच.

उगवता चंद्र मोठा आणि माथ्यावरचा चंद्र लहान, हाहि सर्वांचा अनुभव. कित्येकांस वाटतें कीं, क्षितिजापाशीं हवेचा थर जाड असल्यामुळें भिंगांतून पाहिल्यासारखा चंद्र मोठा होतो. तसें नाहीं. हवेमुळें क्षितिजावरचा चंद्र तांबूस होतो आणि उभ्या दिशेनें थोडा चेपतो. पण फुगत नाहीं. उलट, माथ्यावरच्या चंद्रापेक्षां क्षितिजावरचा चंद्र पाहणाऱ्यापासून पृथ्वीच्या जवळजवळ एका त्रिज्येनें, म्हणजे सुमारें ६,४०० किलोमीटरांनीं, अधिक दूर असतो. म्हणून तो साठाव्या हिश्शानें लहानच असला पाहिजे. अकराव्या शतकांतील अरब विद्वान् इब्न अल-हैथम यानेंहि हा प्रकार मनाच्या अनुमानाचा आहे असें मांडलें होतें. मध्यें घरें, झाडें, डोंगर यांची रांग दिसली कीं मन चंद्राला दूर समजतें. आणि दूर असूनहि कोन तोच, त्या अर्थीं वस्तु मोठी असली पाहिजे, असा निवाडा करून मोकळें होतें. उगवतांना तुरीचा दाणा धरावा आणि मध्यरात्रीं पुन्हां धरावा. दोन्ही वेळां दाणा सारखाच पुरतो.

सूर्याकडे मात्र दाणा धरून पाहणें धोक्याचें आहे, कारण नुसत्या डोळ्यांनीं सूर्य पाहिल्यास दृष्टि कायमची जाऊं शकते. परंतु सूर्याचें माप जुन्या कौलारू घरांत आपण होऊन जमिनीवर येऊन पडत असे. कौलांतील फट वेडीवांकडी असली, तरी खालीं पडणारा कवडसा वाटोळा किंवा लांबट वाटोळा असतो, याचें अनेकांस लहानपणीं नवल वाटतें. तो कवडसा फटीचा आकार दाखवीत नाहीं, तर सूर्याचें चित्र दाखवितो. फटीपासून कवडशापर्यंतच्या तिरप्या अंतराच्या सुमारें १०७ व्या हिश्शाएवढी त्याची रुंदी असते. पांच मीटर पस्तीस सेंटिमीटर अंतर असेल, तर कवडसा पांच सेंटिमीटरांचा. आतां सूर्य सुमारें १५ कोटि किलोमीटर दूर आहे. त्याला १०७ नें भागलें कीं त्याचा व्यास १४ लक्ष किलोमीटर निघतो. घरच्या जमिनीवरील पांच सेंटिमीटरांच्या कवडशांत सूर्याचें प्रमाण असें बिनचूक उतरलेलें असतें. मात्र यांतहि अंतर आधीं ठाऊक असावें लागतें. नुसता कवडसा सूर्याचा खरा व्यास सांगत नाहीं.

ही अट किती महत्त्वाची आहे, तें आर्यभटाच्या गणितावरून दिसतें. इ. स. ४९९ च्या सुमाराच्या आर्यभटीय ग्रंथांत पृथ्वीचा व्यास १,०५० योजनें, चंद्राचा ३१५ आणि सूर्याचा ४,४१० योजनें दिला आहे. यांतील चंद्र पृथ्वीच्या तीन दशांश आहे. आधुनिक मापानें तो ०.२७ भरतो. दीड हजार वर्षांपूर्वींचें हें उत्तर पाहून कोणीहि मान डोलवावी. सूर्य मात्र या ग्रंथाप्रमाणें पृथ्वीच्या ४.२ पट, आणि प्रत्यक्षांत तो १०९ पट आहे. एवढा मोठा फरक कां पडला? सर्व ग्रह आकाशांत रोज सारखेंच अंतर चालतात, असें त्या काळीं गृहीत धरीत. सूर्याची प्रदक्षिणा चंद्राच्या सुमारें तेरा पट काळांत होते, म्हणून त्याचें अंतरहि तेरा पटच धरलें गेलें. वास्तविक तें सुमारें ३९० पट आहे. अंतर जितक्या पटीनें कमी धरलें, जवळजवळ तितक्याच पटीनें व्यासहि कमी आला. कोन मात्र बरोबर होता. आणि ग्रहणाच्या गणितास कोनच लागतो, म्हणून या मापांवरून वर्तविलेलीं ग्रहणें साधत असत.

ग्रहणांत या कोनांची खरी कसोटी लागते. सूर्य चंद्राच्या सुमारें ४०० पट मोठा आणि जवळजवळ तितकाच पट दूर. म्हणून दोघे डोळ्यांस सारखे दिसतात. परंतु चंद्राची कक्षा वर्तुळ नसल्यामुळें तो २९॥ पासून ३३॥ कलांपर्यंत लहानमोठा होतो. सूर्य ३१॥ ते ३२॥ कलांमध्यें राहतो. दि. २२ जुलै २००९ रोजीं चंद्र जवळ होता. त्यानें सूर्याला पुरतें झांकलें, आणि सुरत, वाराणसी, पाटणा या पट्ट्यांत खग्रास ग्रहण झालें. सहा महिन्यांच्या आंतच, दि. १५ जानेवारी २०१० रोजीं, चंद्र दूर होता. तो सूर्यापुढें नेमका मध्यावर येऊनहि अपुरा पडला, आणि रामेश्वर व कन्याकुमारी येथें सूर्याचें कंकण दिसलें. एका ग्रहणांत दिवसाची रात्र झाली, दुसऱ्यांत झाली नाहीं. आणि फरक होता तो कलांचा. त्या वेळीं झाडाखालच्या कवडशांच्याहि कोरी आणि कंकणें झालीं होतीं. ग्रहण पाहण्याचा तो निर्धोक मार्ग आहे.

इतकें समजल्यावर एका अफवेचाहि निकाल लागतो. दि. २७ ऑगस्ट २००३ रोजीं मंगळ पृथ्वीपासून ५ कोटि ५८ लक्ष किलोमीटरांवर आला होता. सुमारें साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. त्या वेळीं फिरलेल्या संदेशांत म्हटलें होतें कीं, ७५ पट मोठें दाखविणाऱ्या दुर्बिणींतून मंगळ नुसत्या डोळ्यांनीं पाहिलेल्या पूर्णचंद्राएवढा दिसेल. हातोहातीं फिरतांना दुर्बिणीचे शब्द गळाले, आणि मंगळ चंद्राएवढा दिसणार, एवढेंच उरलें. पुढें कित्येक वर्षें ऑगस्ट महिना आला कीं हाच संदेश पुन्हां घरोघरीं पोहोंचे, आणि मुलें झोंप टाकून गच्चीवर जाऊन निराश होऊन परतत. त्या रात्रीं मंगळाचें बिंब २५ विकलांचें होतें. दहा रुपयांचें नाणें सव्वादोनशें मीटर दूर ठेवावें, तेवढें! नुसत्या डोळ्याला एक कलेहून लहान बिंबाचा वाटोळेपणा कळत नाहीं. म्हणून मंगळ तेजस्वी दिसला, पण ठिपकाच राहिला.

याच्या उलट प्रकारहि आकाशांत आहे. देवयानी नक्षत्रांतील दीर्घिका सुमारें २५ लक्ष प्रकाशवर्षें दूर असूनहि तीन अंश लांब आहे, म्हणजे सहा चंद्रांएवढी. ती इतकी अंधुक आहे कीं, शहराच्या उजेडांत तिचा मागमूसहि लागत नाहीं. जें तेजस्वी तें मोठें आणि जें दिसत नाहीं तें लहान, हाहि मनाचाच एक निवाडा होय.

चंद्र दर वर्षीं सुमारें ३.८ सेंटिमीटर पृथ्वीपासून दूर जात आहे. अदमासें ६० कोटि वर्षांनंतर त्याचें बिंब इतकें लहान होईल कीं, सूर्याला तो पुरता झांकूं शकणार नाहीं, आणि पृथ्वीवरून खग्रास सूर्यग्रहण नाहींसें होईल. तोंवर मनुष्यास चंद्र तुरीच्या दाण्याएवढा दिसत राहील. येत्या पौर्णिमेस घरांत पुन्हां ताट, भाकरी आणि नाणें यांचा वाद निघाला, तर मुलांच्या हातीं एकेक दाणा द्यावा; आणि कोणी ताटाचें नांव घेतलें, तर तें ताट किती दूर धरावयाचें, एवढें तेवढें विचारावें.