नाटकाच्या हंगामाला निघालेली लेक

जिवतीच्या पहाडावरून आम्ही बचत गटाच्या ताया बोलतो आहोत. भाकर-भाजी आटोपली असेल तर जरा रेडिओजवळ बसा. घरात सोळा-अठरा वर्षांची लेक असेल तर तिलाही बसवा, कारण आजचा विषय तिच्याबद्दलच आहे.

गेल्या काही महिन्यांत आमच्या गटांच्या बैठकीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. बचत गोळा झाली, सह्या झाल्या, की एखादी बाई हळूच म्हणते, "ताई, पोरगी नाटकात नाचायला जातो म्हणते. जाऊ द्यावं का?" मग सगळ्या एकदम बोलायला लागतात. एक म्हणते, पोरीची जात, रातच्याला गावोगाव फिरणार, लोकं काय म्हणतील? दुसरी म्हणते, कापूस वेचून तरी काय मिळते, जाऊ दे तिला. अशा बोलण्यात वेळ जातो आणि पोरगी एका कोपऱ्यात गप्प बसून राहते. म्हणून आम्ही ठरवले, की या विषयावर नीट बोलायचे.

आधी हा हंगाम म्हणजे काय ते सांगतो. आपला पहाड कापूस, तूर आणि ज्वारीचा. खाली उतरून गडचांदूर, राजुरा करत बल्लारशाला गेलो, की तिथून गोंदियाकडे रेल्वे जाते. त्या वाटेवर देसाईगंज लागते, म्हणजेच वडसा. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया आणि भंडारा या चार जिल्ह्यांतला धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी, आणि वडसा हे झाडीपट्टीच्या नाटकांचे ठाणे. नाटक कंपन्यांची कार्यालये तिथेच. दिवाळी झाली, गावोगाव मंडई भरू लागली, की नाटके सुरू होतात आणि होळीच्या आगेमागेपर्यंत चालतात. गावातले मंडळ कंपनीला ठरवते, मांडव घालते, तिकिटे विकते. रात्री नऊ-दहाला पडदा उघडतो आणि नाटक उजाडेपर्यंत चालते. गाणी तिथेच वाजवून, तिथेच म्हणतात. मध्ये मध्ये लावणी आणि नाच असतात. पहाटे सामान गाडीत भरायचे आणि पुढच्या गावाला निघायचे.

ही कला काही हलकी नाही. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीवरच्या कामासाठी २०२३ साली पद्मश्री मिळाली. पूर्वी या नाटकांत बाईचे काम पुरुषच लुगडे नेसून करत. आता आपल्या लेकी स्वतः उभ्या राहतात. आणि पहाडावरच्या आपल्या लोकांना गावोगाव नाचत जाणे नवे नाही. गोंड गावांमध्ये दिवाळीच्या आधी दंडार निघते. मोरपिसांचा टोप घातलेले गुसाडी या गावाहून त्या गावाला पाहुणे म्हणून जातात, तिथे नाचतात, जेवतात. सीमेपलीकडे तेलंगणात मार्लवाई गाव आहे. तिथल्या कनकराजूंना गुसाडी नाचासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे नाचाला मान आहे. पण पुरुष गावोगाव नाचला तर देवाचे काम, आणि पोरगी नाचली तर घराचे नाक कापले, असा हिशेब आपण करतो. तो हिशेब एकदा तपासून पाहायला हवा.

आमचे म्हणणे असे आहे. जाऊ द्यावे की नाही, हा प्रश्न दिवाळीच्या तोंडावर विचारला तर त्याचे उत्तर घाईतच दिले जाते. खरी गोष्ट पोळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या दोन महिन्यांत ठरते. त्या काळात पोरीची तयारी झाली तर ती हंगाम करून सुखरूप परत येते. तयारी नसेल तर दहा प्रयोगांतच पाय सुजतात, ताप येतो, पैसे अडकतात आणि ती रडत घरी येते. मग गाव म्हणते, आम्ही सांगितलेच होते.

पहिली तयारी शरीराची. टीव्हीवर पाहून अंगणात नाचणे वेगळे आणि रात्री बारा वाजता थंडीत, फळ्यांच्या स्टेजवर, भरल्या घुंगरांनी नाचणे वेगळे. युरोपात बॅले नावाचा नाच आहे. त्यात मुली पायाच्या बोटांच्या टोकांवर उभ्या राहून नाचतात. पॅरिसला त्याची शाळा १७१३ सालापासून आहे. तिथली लेकरे अर्धा दिवस शाळेचा अभ्यास करतात आणि अर्धा दिवस नाचाचा. कार्यक्रमाआधी कित्येक महिने तेच तेच पाऊल पुन्हा पुन्हा घोटतात. आपल्याकडचेही उदाहरण आहे. मुंबईच्या एका वेल्डिंग काम करणाऱ्या माणसाचा मुलगा, अमिरुद्दीन शाह, हाच नाच शिकला आणि २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. त्याच्या अंगात कला होतीच. पण त्याला रोज शिकवणारा गुरू मिळाला आणि खर्चासाठी लोकांनी हातभार लावला, म्हणून तो तिथे पोचला. आपल्या लेकीलाही हेच लागते. रोजचा सराव, शिकवणारे माणूस आणि पाठीशी उभे राहणारे चार लोक.

आमच्या ओळखीच्या दोन मुली हंगाम करून आल्या आहेत. त्यांची रीत सांगतो. पहाटे उठून आधी दहा-पंधरा मिनिटे अंग मोकळे करायचे. घोटे, गुडघे, कंबर, मान. मग घुंगरू न बांधता पावले. सिमेंटच्या ओट्यावर अनवाणी उड्या मारायच्या नाहीत, त्याने नडगी आणि टाच धरते. सारवलेले अंगण बरे. घुंगरू सुरुवातीला थोडे, मग आठवड्या-आठवड्याने वाढवायचे. नाच झाल्यावर लगेच खाली बसायचे नाही, जरा चालायचे. आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दुखते तरी नाचते, यात बहादुरी नाही. दोन-तीन दिवसांत सूज उतरली नाही तर दवाखान्यात दाखवायचे.

आता आई म्हणून आपला भाग. त्याच महिन्यांत शेतात निंदण असते, मग कापूस फुटतो. पोरगी सकाळी सराव करणार, दिवसभर कापूस वेचणार, दोन गुंड पाणी डोक्यावर आणणार आणि रात्री भांडी घासणार, असे असेल तर तिचे शरीर तुटणारच. घरात भाऊ असेल तर पाणी त्यानेही भरावे. हंगामात वेचणीला एक हात कमी पडणार हेही घराने आधीच धरून चालावे. ती पाठवणार ते पैसे आणि वेचणीचे बुडणारे पैसे, दोन्ही कागदावर लिहून पाहा. हिशेब मांडला म्हणजे भांडण कमी होते.

दुसरी तयारी रक्ताची. हसू नका, बायांनो. जाण्याआधी आशाताईला सांगून उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईचे हिमोग्लोबिन बाराच्या वर हवे. ते कमी असेल तर नाचता नाचता दम लागतो, चक्कर येते. किशोरवयीन मुलींना आठवड्याला लोहाची एक गोळी सरकारकडून फुकट मिळते. घरात तूरडाळ, पालेभाजी, शेंगदाणे, मोहाचे लाडू आहेतच. ते तिच्या ताटात आधी पडू द्या.

सिकलसेलची तपासणी तर कराच. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार पुष्कळ घरांत आहे. नुसती वाहक असेल तर सहसा त्रास होत नाही, तरी खूप दमणूक असेल तेव्हा पाणी आणि विश्रांती सांभाळायची. पण आजार असेल तर थंडी, जागरण, कमी पाणी पिणे आणि अति मेहनत यांनीच अंगात कळा उठतात. नाटकाच्या हंगामात या चारही गोष्टी एकत्र येतात. अशा मुलीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचे नाही, आणि लोहाची गोळीही त्यांना विचारूनच घ्यायची. तिला नाच सोडायला लावा असे आम्ही म्हणत नाही. जवळच्या गावी, कमी जागरणाचे, दिवसाचे कार्यक्रम ती करू शकते का, हे डॉक्टरांशी बसून ठरवा.

तिसरी तयारी शिक्षणाची. हंगाम आणि परीक्षा एकाच वेळी येतात. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तेव्हा नाटके जोरात असतात. आमचे स्पष्ट मत आहे, की बारावी होईपर्यंत आणि अठरा पूर्ण होईपर्यंत पोरीला कंपनीत पाठवू नये. तोवर शाळेच्या, गावाच्या कार्यक्रमात तिने खूप नाचावे. शाळा सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. त्याला मुदत असते, म्हणून चौकशी आधी करा. बारावीनंतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी अभ्यास करून पदवी घेता येते. नाचणाऱ्या बाईचे पाय काही जन्मभर साथ देत नाहीत. हातात पदवी असली तर पुढे ती शिकवू शकेल, दुसरे काम धरू शकेल.

चौथी तयारी बोलणीची. इथे आपण सगळ्यात कच्च्या आहोत. गटाचे कर्ज घेताना आपण हप्ता, व्याज, जामीन सगळे विचारतो. लेक पाठवताना मात्र "भाऊ, पोरीकडे लक्ष ठेवा" एवढेच म्हणतो. त्याने भागत नाही. कंपनीच्या माणसाला घरी बोलवा, गटाच्या दोन बाया सोबत बसवा आणि एवढे विचारा. एका प्रयोगाचे पैसे किती आणि कधी मिळणार? प्रयोग रद्द झाला, पोरगी आजारी पडली, तर काय? येण्या-जाण्याचा आणि जेवणाचा खर्च कोणाचा? मुलींना झोपायला वेगळी खोली आहे का? कपडे बदलायला आडोसा, संडास, न्हाणी आहे का? कंपनीत आणखी बाया किती, आणि त्यातली वयाने मोठी कोण? नाटक कोणते, त्यात तिचे काम काय, कपडे कसे? नाटकाच्या नावाने नेऊन नुसता उघडावाघडा नाच करायला लावणार नाही, हे तोंडावर बोलून घ्या. प्रेक्षकांतून कोणी नोटा दाखवून बोलावले तर स्टेजवरून खाली उतरायचे नाही, हेही ठरवून घ्या. आणि हे सगळे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पैसे तिच्या स्वतःच्या बँक खात्यावर यावेत, काकाच्या किंवा भावाच्या नाही.

एका मुलीचे असे झाले. ठरलेल्या प्रयोगांचे निम्मेच पैसे मिळाले. पण तिच्या आईने वहीत तारखा आणि गावांची नावे लिहून ठेवली होती. गटाच्या चार बाया ती वही घेऊन गेल्या आणि बाकीचे पैसे हप्त्याने का होईना, मिळाले. वही नसती तर ते बोलणे वाऱ्यावर गेले असते. सगळेच कंपनीवाले असे नसतात. लेकीसारखे सांभाळणारेही आहेत. पण चांगल्या माणसालाही कागदाची अडचण होत नाही.

कायदाही आपल्या बाजूने आहे. कामाच्या ठिकाणी कोणी त्रास दिला, अंगचटीला आला, तर २०१३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती आहे. तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. नाचणे हे काम आहे आणि स्टेज हे कामाचे ठिकाण आहे, एवढे पोरीला पक्के सांगा. मोबाईलमध्ये नसले तरी डोक्यात दोन नंबर हवेत. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीला ११२. शिवाय गटातल्या एका ताईचा नंबर तिला तोंडपाठ असू द्या. घरी सांगायची लाज वाटली तर ती त्या ताईला फोन करेल.

शेवटची तयारी घराची आणि गावाची. पोरगी होळीला परत येते तेव्हा दमलेली असते. तिला दोन आठवडे झोपू द्या, खाऊ घाला. तिचा चेहरा पाहून मग प्रश्न विचारा. तिने आणलेल्या पैशांतून काही तिच्या नावावर ठेवा. आणि कोणी म्हटले, "तुमची पोरगी नाचते म्हणे," तर मान खाली घालू नका. सरळ सांगा, हो, मेहनतीचे काम करते. गटातल्या दहा बाया एका आवाजात हे म्हणाल्या, तर गावातली तोंडे आपोआप बंद होतात. एकटी आई म्हणाली तर तिला ते जड जाते. म्हणून ही गोष्ट एका घरावर सोडून चालणार नाही, ती गटाने उचलायची.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचत झाल्यावर पंधरा मिनिटे काढा. तुमच्या गावातल्या कोणत्या लेकीला नाचाची, गाण्याची, नाटकाची ओढ आहे, तिला बोलवा. तिलाच आधी बोलू द्या. मग रक्ताची तपासणी, परीक्षा, कागद आणि सोबत, या चार गोष्टी एकेक करून विचारा. घुंगरू घ्यायला, साडी घ्यायला पैसे कमी पडत असतील तर गटातून अंतर्गत कर्ज देता येईल का, तेही बघा. म्हशीला, शिलाई मशीनला आपण कर्ज देतो, मग हिच्या कामाला का नाही?

तुमच्या बैठकीत काय ठरले ते आम्हाला जरूर कळवा.