बटणाचा फोन घेऊ की टचचा?



निंदणी-खुरपणी करून बोटं खरबरीत होतात, टच नीट लागत नाही. म्हणून बऱ्याच जणी विचारतात, "बटणं असलेला स्मार्टफोन घेऊ का?"

माझं मत, नको. तसे फोन आता फार थोडे मिळतात, अन् बटणांवर अक्षरं इंग्रजी. जुना ब्लॅकबेरी स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. त्या जुन्या फोनची सेवा कंपनीने ४ जानेवारी २०२२ ला बंद केली. टचच्या फोनवर कीबोर्ड मराठी करता येतो. माइकचं चिन्ह दाबून बोललं की मराठीत लिहूनही येतं.

फक्त बोलणं अन् पैसे पाठवणं एवढंच काम असेल, तर साधा बटणाचा फोनही पुरतो. मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, त्याला इंटरनेट लागत नाही. नंबर मात्र बँक खात्याला जोडलेला हवा.

फोन कोणताही घ्या, पिन स्वतःच टाका. मुलाने, मालकांनी शिकवावं, पण पिन त्यांना सांगू नका. खातं आपलं, तर किल्लीही आपल्याच हातात हवी.

पुढच्या बैठकीला फोन घेऊन या. माइकवर बोलून आपापलं नाव लिहू!