कमी व्होल्टेज म्हणजे कमी धोका नव्हे
(ओरगडम येथील कामगार शिक्षण वर्गात महाराष्ट्रातील रेल्वे व टपाल कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



ओरगडमच्या या पट्ट्यात मोटारींचे कारखाने आहेत. त्यांच्या पेंट शॉपमध्ये थिनरची वाफ असते, म्हणून तिथे विजेचे प्रत्येक उपकरण नियमाने जोडावे लागते. तुम्ही विचाराल, रेल्वे-टपालवाल्यांचा याच्याशी काय संबंध? आपल्या बॅटरी रूमचे दार उघडून बघा. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेटतो. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा आमच्या बॅटरी रूमचा पंखा बंद होता आणि साधा स्विच आतच होता. तक्रार केली तर उत्तर मिळाले, "इतकी वर्षे काही झाले नाही ना?"

१४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंगहेनिड कोळसा खाणीत स्फोट झाला. ४३९ खाण कामगार मेले. इशाऱ्याच्या विजेच्या घंटीची ठिणगी हे एक संभाव्य कारण मानले गेले. घंटी बॅटरीवरची, कमी व्होल्टेजची! अशा घंट्यांच्या अभ्यासातून एक तत्त्व निघाले: सर्किटमधली ऊर्जाच इतकी कमी ठेवायची की तार तुटली तरी ठिणगीने वायू पेटू नये. यालाच इंट्रिन्सिक सेफ्टी म्हणतात. दुसरी पद्धत फ्लेमप्रूफ बॉक्सची. आत स्फोट झाला तरी ज्वाळा बाहेर येत नाही.

पण उपकरण कितीही चांगले असले तरी जोडणी चुकली की सगळे वाया. म्हणून हे लक्षात ठेवा:

१. झेनर बॅरियर सुरक्षित भागात बसवायचा. त्याचे अर्थिंग वेगळे आणि १ ओहमच्या आत हवे.
२. इंट्रिन्सिक सेफ केबल साध्या केबलबरोबर एकाच पाइपात घालायची नाही. लांब केबलमध्येही ऊर्जा साठते, म्हणून लांबीचा हिशेब करायचा.
३. फ्लेमप्रूफ बॉक्सचा एकही बोल्ट कमी नको. जादा भोक पाडायचे नाही. योग्य ग्लँड लावायची, रिकामे भोक प्रमाणित प्लगने बंद करायचे.
४. वायू तपासून लेखी परमिट मिळाल्याशिवाय साधा मल्टिमीटर आत न्यायचा नाही.
५. बॅटरी रूममध्ये आधी पंखा, मग चार्जर. चार्जर बंद केल्याशिवाय क्लॅम्प काढायचा नाही.

२९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरच्या तेल डेपोत पेट्रोलची गळती होऊन ११ जण गेले. ठिणगी कुठून आली याचा विचार करताना चौकशी समितीने फ्लेमप्रूफ नसलेल्या विजेच्या उपकरणांकडेही बोट दाखवले. वाफ डेपोची हद्द पाहत नाही.

पेट्रोलियमच्या जागी वापरायच्या अशा उपकरणांना मंजुरी देणारी पेसो ही संस्था आपल्या नागपुरात आहे. उपकरणावरची मंजुरीची पाटी वाचा. पाटी नसेल तर विचारा. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात कलम ४१-एच आले. समोर धोका दिसला तर तो मालकाच्या आणि कारखाना निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. हा हक्क हजारो मृतांच्या मोलाने आला आहे.

कंत्राटी पोरगा शिडीवर चढून जोडणी करतो आणि त्याला यातले काहीच सांगितलेले नसते. तो आपल्या युनियनचा सभासद नाही म्हणून गप्प बसायचे का? स्फोट सभासदत्वाची पावती मागत नाही. परत गेल्यावर प्रत्येक शाखेने आपली बॅटरी रूम पाहावी, दोष लिहून द्यावेत आणि त्याची पोच घ्यावी. एवढे केलेत तरी आमचे इथे बोलणे सार्थकी लागले.

कामगार एकजुटीचा विजय असो!