शेतावरचे पाहुणे

कल्याणहून कर्जतकडे जाणारी गाडी नेरळास थांबली, कीं बहुतेक मंडळी माथेरानची वाट धरतात. ठाणें-डोंबिवलीचीं कांहीं कुटुंबें मात्र सगुणा बागेंत मुक्कामास जातात. चंद्रशेखर भडसावळे यांच्या या शेतावर निवास, भोजन, तळ्यांतले मासे आणि म्हशीवरची स्वारी, सर्वच आहे. मुलें म्हशीवर खूष असतात, हें ठीकच. परंतु खरें प्रेक्षणीय आहे तें भातशेत. तेथें चिखलणी नाहीं, लावणी नाहीं. कायमच्या गादीवाफ्यांवर बीं टोकतात आणि कापणीनंतर मुळें जमिनींतच राहूं देतात. तीं कुजतात, गांडुळें वाढतात, नांगरटीचा खर्च वाचतो. तणासाठीं औषध फवारावें लागतें, हेंही सांगितलें पाहिजे.

२०२० सालीं महाराष्ट्र शासनानें कृषिपर्यटनाचें धोरण ठरविलें. आतां भीति एवढीच, कीं खोल्या वाढतील आणि शेत आखडेल. मग यजमान नुसता खानावळवाला उरेल. पाहुण्यांनीं ताटावर बसण्यापूर्वीं बांधावर जावें आणि हा भात कोणत्या वाफ्यांतला, तें विचारावें. आषाढांत गेल्यास हिरवे वाफे दिसतील; मे महिन्यांत नुसती माती आणि जुनीं धसकटें.