‘पारंपरिक’ म्हणजे कोणाचे?

(बेळगाव येथील शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



लोकगीतांच्या कार्यक्रमपत्रिकेत संगीतकार, गायिका, तबलावादक या साऱ्यांची नावे असतात. गीतकाराच्या जागी मात्र ‘पारंपरिक’ एवढाच शब्द छापलेला असतो. मोठा सोयीचा शब्द! त्यामुळे कुणाची परवानगी मागावी लागत नाही आणि कुणाचे देणेही उरत नाही. जात्यावरच्या ओवीच्या निमित्ताने मला या शब्दाविषयी बोलायचे आहे.

महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात केली. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठी बाईच्या गाण्याची दखल कन्नड मुलखातल्या दरबाराने घ्यावी, याचे बेळगावकरांना तरी नवल वाटू नये. जात्यावर मराठीत ओवी, तशी कन्नडमध्ये त्रिपदी.

ओवीची कर्ती अज्ञात असते, पण ओवी निनावी नसते. तिच्यात बंधूचे नाव येते, लेकाचे येते, गावाचे आणि वाटेवरच्या देवाचेही येते. गाणारी शेजारणीची ओवी उचलते, तिच्या भावाच्या जागी आपला भाऊ बसवते आणि ओवी तिची होऊन जाते. म्हणून मूळ कर्ती कोण, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. ही ओवी कोणत्या गावी, कोणाच्या तोंडून मिळाली, हे मात्र विचारलेच पाहिजे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्या गाणाऱ्या बायांच्या आणि गावांच्या नोंदींसह. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळाने त्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तिथे ‘पारंपरिक’ या शब्दाआड कुणी लपत नाही.

वादक मंडळींनाही थोडे सांगावेसे वाटते. जात्याची लय ही हाताची आणि श्वासाची लय. दाण्यांची वैरण टाकताना ती किंचित सैलावते. खुंट्याला दोघी असल्या की निराळी होते. तिला केरव्याच्या आठ मात्रांत कोंबले आणि दोन ओळींमध्ये संवादिनीचे तुकडे भरले, की ओवीचे भावगीत होते. वाद्ये वर्ज्य आहेत असे नव्हे, पण आधी मूळ गळा कानांत मुरला पाहिजे. शिवाय प्रत्येक ओवी सुटी असते; एकीने सोडली की दुसरी आपली धरते. ध्वनिमुद्रणात एकदा क्रम ठरला, की पुढची पिढी त्यालाच मूळ समजू लागते.

पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. ते परत यावे, असे दळणाऱ्या बाईला तरी वाटणार नाही. पण गाणाऱ्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत. वाचनालय जसे दाखल पुस्तकांची नोंदवही ठेवते, तशीच एक ओव्यांची ठेवावी: गाणारीचे नाव, माहेर, सासर, तारीख. प्रारंभ सभासदांच्या घरांतूनच व्हावा. सासुरवासाची एखादी ओवी गाऊन आजी म्हणाली, ‘ही लिहू नकोस बाळा’, तर ती लिहू नये, आणि मंचावर तर मुळीच आणू नये.