बॅटरीची गाडी आणि पारावरच्या गप्पा

(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज आम्ही आमचीच एक फजिती तुम्हाला सांगणार आहोत.

रोवणी आटोपली की गावाला थोडी उसंत मिळते. मग पारावर गप्पा रंगतात. तुमसर तालुक्यातल्या एका गावी आम्ही असेच बसलो होतो. रस्त्याने बॅटरीची स्कूटर गेली. आवाज नाही, धूर नाही. झाले! जो तो बोलू लागला.

एक म्हणाला, "पावसात करंट लागते म्हनतात." दुसरा म्हणाला, "पेट घेते जी, मोबाइलात पाह्यलो." तिसऱ्याने सरकारला शिव्या दिल्या. चौथा सरकारच्या बाजूने भांडू लागला. स्कूटर बिचारी बाजूलाच राहिली.

तिथे एक दूधवाले भाऊ बसले होते. ते इतका वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "गुरुजी, कर्ज काढून घेऊ का मी ही गाडी? रोज पन्नास किलोमीटर फिरतो."

आम्ही क्षणभरही विचार केला नाही. म्हणालो, "घ्या की! आता विजेचेच युग आहे."

हप्ता आम्हाला थोडाच भरायचा होता! पण रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी वर्गात ते भाऊ आणि त्यांच्या घरच्या दोघेही होते. आम्ही म्हटले, "कालचे विसरा. आज नीट पाहू."

विजेची गाडी ही काही कालची नाही. १८९९ साली युरोपात अशा एका गाडीने ताशी १०० किलोमीटरच्या वर वेग गाठला होता. पण बॅटरी जड, लवकर संपणारी. पेट्रोलची गाडी पुढे गेली. आता बॅटरी सुधारली, म्हणून विजेची गाडी परत आली. आपल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतले मँगनीज टॉर्चच्या सेलसाठी जाते, हे तुम्हाला ठाऊक असेल. गाड्यांच्या काही बॅटऱ्यांतही मँगनीज असते, काहींत नसते.

आणि पेट घेण्याचे? ते अगदीच खोटे नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात काही स्कूटरी जळाल्या. मग डिसेंबर २०२२ पासून बॅटरीच्या तपासणीचे नियम कडक झाले. पावसाचे म्हणाल तर बॅटरी बंद पेटीत असते, सरीने काही होत नाही. पण पूर आलेल्या नाल्यात कोणतीच गाडी घालू नये.

धूर निघत नाही हे खरे. मात्र आपली बरीच वीज कोळसा जाळून होते. मौद्याला कोळसा जळतो, कोराडीला जळतो. धूर आपल्या दारात नाही, एवढेच.

सरकारचेही पाहा. विजेच्या गाडीवर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. पेट्रोलवर केंद्राचाही कर आहे आणि राज्याचाही. उद्या सगळेच विजेवर गेले, तर तो पैसा सरकार दुसरीकडून काढीलच. कोणाचेही सरकार असो! पक्षावरून भांडणाऱ्यांना आम्ही एक आठवण करून देतो. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात होते. विजेचा कारभार त्यांच्याकडे होता. देशाला मुबलक, स्वस्त वीज हवी हा विचार त्यांनी तेव्हा मांडला. त्याच बाबासाहेबांना १९५४ च्या पोटनिवडणुकीत आपल्या भंडाऱ्याने हरवले.

नागपूरची गोष्ट तर ताजीच आहे. मे २०१७ मध्ये तिथे विजेच्या टॅक्सी सुरू झाल्या. मोठा गाजावाजा झाला. पण वर्ष सरते न सरते तोच चालक कुरकुरू लागले. चार्जिंगच्या जागा थोड्या, तिथे लांब रांगा. रांगेत उभ्या टॅक्सीला भाडे कोण देणार?

आता दूधवाल्या भाऊंचा हिशेब. आम्ही फळ्यावर मांडला.

पन्नास किलोमीटरला मोटारसायकल एक लिटर पेट्रोल खाते. भाव १०५ रुपये धरला. विजेच्या स्कूटरला तेवढ्याच वाटेला सुमारे २ युनिट लागतील. युनिटला १० रुपये धरले, तर २० रुपये. रोज ८५ रुपये वाचले. महिन्याचे २,५५० रुपये.

भाऊ खूश झाले. आम्हीही झालो.

मग विजेचे बिल काढले. घरात ७० युनिट जळत होते. त्यात ६० वाढणार, म्हणजे १३०. शंभराच्या वरच्या युनिटांना दर जास्त. म्हणून तर आम्ही १० रुपये धरले होते. हप्ता होता ३,४०० रुपये, ३६ महिने. म्हणजे बचत सगळी देऊनही दरमहा ८५० रुपये पदरचे.

"तेवढे भरू जी," भाऊ म्हणाले. "तीन वर्सांनी गाडी आपली."

तेव्हा त्यांच्या घरच्या बोलल्या. "अन् बॅटरी मेली त पैसे कोन देते?"

दुकानदाराचा कागद त्यांनी पिशवीतून काढला. कागद इंग्रजीत. पण आकडे त्यांना वाचता येत होते. गेल्या दिवाळीपासूनच त्या वर्गाला येतात. त्यांनी बोट ठेवले. ३ आणि ३०,०००. आम्ही ओळ वाचली. बॅटरीची हमी ३ वर्षे किंवा ३०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते.

त्यांनी पाटी घेतली. तीस हजाराला पन्नासने भागले. थोडा वेळ लागला. आम्ही मध्ये बोललो नाही. उत्तर आले ६०० दिवस.

म्हणजे वीस महिने! हप्ते ३६ आणि हमी वीस महिन्यांची. नवी बॅटरी पन्नास हजारांच्याही पुढे जाऊ शकते. "घ्या की" म्हणणारे आम्ही मान खाली घालून बसलो.

दोघे पुन्हा दुकानात गेले. हमी वाढवून मिळेल, पण वेगळे पैसे पडतील, असे कळले. ते किती, हे त्यांनी कागदावर लिहून मागितले आहे. धानाचे चुकारे आल्यावर ठरवू म्हणतात. रोज तीसच किलोमीटर फिरणाऱ्याचा हिशेब वेगळा येईल, हेही त्यांनी शेजाऱ्याला समजावले.

मिस्त्रीने घरी येऊन पाहिले, तर चार्जिंगच्या बोर्डाला अर्थिंगच नव्हते. ते मात्र त्यांनी लगेच करून घेतले.