एका माणसाची होडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खारे वारे आणि मतलई वारे हा धडा तुमच्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केला असेल. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे वाहतात ते खारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई. बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत हा प्रश्न हमखास दोन मार्कांना यायचा आणि वर्गातला ढ मुलगासुद्धा ते दोन मार्क मिळवायचा. समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. सरळ रेषेत मोजला तरी तो आमच्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. खारे पाणी म्हणाल तर आमच्याकडेही आहे, लोणारच्या सरोवरात. पण त्यात मासा जगत नसे. तेव्हा एवढ्याशा होडीत एकट्याने बसून समुद्रातले मासे धरण्याविषयी बुलडाण्याच्या माणसाने बोलावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण ते दोन मार्कांचे वारे माणसाच्या काय उपयोगाचे असतात, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर एका होडीवाल्याकडून कळले, म्हणून बोलतो.

हल्ली गोव्यात, तारकर्लीकडे प्लॅस्टिकच्या लांबट, अरुंद, रंगीत होड्या दिसतात. पर्यटक त्यांत बसतात आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने खाडीत फेरी मारून येतात. या होडीला कयाक म्हणतात. अमेरिकेत, न्यूझीलंडमध्ये हौशी लोक ती मोटारीच्या टपावर बांधून किनाऱ्यावर आणतात आणि गळ घेऊन थेट समुद्रात शिरतात. आपल्याला ती गंमत वाटते, पण मुळात ही होडी पोटासाठी झालेली आहे. कयाक हा शब्द उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांचा. त्यांच्या मुलखात झाडे नाहीत. समुद्रातून वाहत आलेल्या लाकडांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलची कातडी ताणून बसवायची. शिवणकाम बायकांचे. होडीचे माप मालकाच्या अंगावरून घ्यायचे, शिंपी सदरा बेततो तसे. उलटली तर आत बसल्या बसल्या वल्ह्याच्या फटक्याने पुन्हा सरळ करायची.

ग्रीनलंडच्या या शिकाऱ्यांचा एक विकार डॉक्टरांनी नोंदवून ठेवला आहे. वारा पडलेला, पाणी आरशासारखे, माणूस एकटा, न हलता सावजाची वाट पाहत बसलेला. अशा वेळी त्याचे डोके फिरू लागते. होडीत पाणी शिरते आहे असे वाटते, हातपाय गार पडतात, आपण सरळ आहोत की कललो आहोत हे कळेनासे होते. हा अनुभव एकदा आलेल्या कित्येकांनी पुन्हा कयाकला हात लावला नाही. लाटांशी झुंजणारी माणसे ही, आणि त्यांना धास्ती बसली ती शांत पाण्याची!

कयाकची एक चुलत बहीण आपल्या कोकणात आहे. झाडाचे खोड कोरून केलेली अरुंद होडी आणि तिच्या एका बाजूला, दोन आडव्या दांड्यांच्या टोकाला बांधलेला हलक्या लाकडाचा ओंडका. त्याला उलांडी म्हणतात. होडी एका अंगाला कलू लागली की उलांडी तिला सावरून धरते. सांधे खिळ्यांऐवजी काथ्याने बांधतात. खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो आणि लाटेच्या हिसक्याने तुटतो, काथ्या ताण सोसतो. जेम्स हॉर्नेल या मत्स्यतज्ज्ञाने १९२० साली हिंदुस्थानातल्या होड्यांच्या घडणीवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्याच्यासारख्या अभ्यासकांना या उलांडीचे फार कौतुक, कारण हीच तऱ्हा इंडोनेशियापासून पार पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत सापडते.

रत्नागिरीला काजळी नदी समुद्राला मिळते ती भाट्याची खाडी. खाडीच्या तोंडाशी राजिवडा ही मासेमारांची वस्ती आहे. दालदी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे मुसलमान, त्यांची घरे इथे पुष्कळ. २०१८ च्या जानेवारीत मी कविसंमेलनासाठी गेलो होतो आणि जिथे उतरलो त्यांच्या शेजारी एक साठी ओलांडलेले चाचा अशी होडी बाळगून होते. त्यांची बोली कोकणी वळणाची, माझ्या घरची दखनी. दोघांचीही पंचाईत नको म्हणून आम्ही मराठीत बोललो.

फजरची नमाज झाली आणि निघालो. ‘‘मधोमध बसा, आणि काही झाले तरी उठू नका,’’ एवढीच सूचना. होडी एका माणसाची. मी स्वतःला टोपलीभर मासळी समजून बसून राहिलो. पाठीवर गार वारा होता आणि चाचा वल्हे जवळजवळ नुसते धरून होते. हा मतलई, माझ्या दोन मार्कांतला एक मार्क. तो पहाटे होडीला बाहेर नेतो. नऊ-दहाला पडतो. मग बराच वेळ काहीच नसते आणि दुपारी खारा सुटला की तो घरी आणतो. मोटार नाही, बर्फ नाही, म्हणून ज्याने नेले त्याच्या भावाबरोबर परतायचे. खारा जोर धरण्याआधी किनारा जवळ करावा लागतो, कारण लाटेला होडी आडवी सापडली तर उलांडीचेही काही चालत नाही.

मासा कुठे आहे हे सांगणारे यंत्र चाचांकडे नव्हते. रत्नदुर्गावरचे दीपगृह आणि त्याच्या अलीकडची एक खूण एका रेषेत आणायची. भाट्याच्या सुरूबनाचे टोक आणि मागच्या डोंगरावरची दुसरी खूण, ही दुसरी रेषा. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खाली खडक, आणि खडकात गोबरा आणि तांबोशी. हा पत्ता वडिलांनी दिलेला. दुसऱ्या खुणा कोणत्या, ते त्यांनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. गरीला, म्हणजे गळाच्या आकड्याला, कोळंबी लावून दोरी खाली सोडली आणि तर्जनीवर घेतली. नुसत्या बोटाला कळते की खाली मासा टोचतो आहे की शिसे खडकावर आपटते आहे. मोठा मासा लागला की लगेच ओढायचा नाही. होडी हलकी असल्यामुळे तो तिलाच थोडी फरफटत नेतो, दमतो, मग वर घ्यायचा. प्लॅस्टिकच्या कयाकवरले परदेशी हौशी लोकही हेच करतात.

मधल्या त्या निवांत वेळात चाचा सारखे बोलत होते. एकटे असताना काय करता, असे मी विचारले. म्हणाले, ‘‘किनाऱ्याकडे बघतो. पाण्याकडे बघत बसायचे नाही.’’ ग्रीनलंडच्या त्या विकाराविषयी मी पुढे वाचले, तेव्हा हे वाक्य मला पुन्हा ऐकू आले.

त्या दिवशी चार तांबोश्या, एक गोबरा आणि थोडे बांगडे मिळाले. चाचा त्यावर खूश नव्हते. पूर्वी याच खडकावर किती मिळायचे, हे सांगताना ते हातांनी माप दाखवत. पर्ससीन जाळे थव्याभोवती गोल टाकतात आणि खालून बटव्यासारखे आवळतात. थवाच्या थवा बोटीत. राज्य सरकारने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने २०१७ साली एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तरी ‘‘रात्री समोर समुद्रात दुसरी रत्नागिरी दिसते’’ असे चाचा म्हणायचे. मोठ्या बोटीवर कर्ज असते, खलाशांचे पगार असतात, हे मला मान्य आहे. पण कायदा करून ठेवायचा आणि किनाऱ्यापासून दिसणारे दिवे कोणाला दिसू नयेत, हे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. चाचांच्या होडीला मोटारच नाही, तेव्हा तिला कायद्याने मोकळीक आहे. तरी जून लागला की ते होडी वर ओढून झावळ्यांनी शाकारतात. पावसाळ्यात मतलई नसतो, नैऋत्येचा वारा रात्रंदिवस जमिनीकडेच येतो. घरात फळीवर रेडिओ आहे आणि हवामानाच्या बातम्यांना कोणी मध्ये बोललेले त्यांना चालत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आले, तेव्हा कोकण किनाऱ्यावरची कितीतरी माणसे घरी परतली नाहीत.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. आमच्याकडे नळगंगा आहे, पेनटाकळी आहे, खडकपूर्णा आहे. खडकपूर्णेच्या जलाशयाला संत चोखामेळ्यांचे नाव दिले आहे, त्यांचे मेहुणा राजा तिथून जवळच. या पाण्यात रोहू, कटला, मृगळ धरणारे आमचे भोई बांधव मोटारीच्या ट्यूबवर नाहीतर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जातात. वल्ह्याच्या जागी दोन्ही हातांत फळकुटे. कयाकच ती, पण कोणीही न बेतलेली. ओळखीच्या एका घरातला तेविशीचा मुलगा असाच गेला. वारा नव्हता, लाट नव्हती. तराफा कलला, पाय जाळ्यात अडकला. सकाळी आठची वेळ, काठावर बाया धुणे धूत होत्या. अंगात साधे जीवरक्षक जाकीट असते तर तो आज असता. पर्यटकाला खाडीत अर्धा तास फिरायचे असले तरी जाकीट घातल्याशिवाय होडीत बसू देत नाहीत, आणि रोज पाण्यावर पोट भरणाऱ्याला ते कोणी दिलेले नसते. होडी-जाळ्यांसाठी सरकारी अनुदान आहे. त्यात जाकीट सक्तीने द्यावे, असे मला वाटते. पोकळ बांधणीची प्लॅस्टिकची कयाक उलटली तरी बुडत नाही. ती धरणावर उपयोगी पडेल, पण आज तिची किंमत आमच्या माणसाला झेपणारी नाही.

चाचांना मी फोनवर हे सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘बाजूला काय बांधतात?’’ काहीच नाही, म्हटले. मग बराच वेळ ते मला दांडी केवढी असावी, गाठ कशी मारावी, ओंडका पाण्याला किती टेकला पाहिजे, हे समजावत राहिले. मी ते कागदावर लिहून त्या मुलाच्या दोन भावांना नेऊन दिले. ओंडक्याऐवजी त्यांनी घट्ट बुचाचे तेलाचे रिकामे कॅन घेतले, दांड्यांना बांबू घेतला, काथ्याच्या जागी नायलॉनची दोरी. पहिल्या आठवड्यात जाळे सारखे त्या कॅनमध्ये अडकायचे, म्हणून धाकटा ते सोडून टाकायला निघाला होता. थोरल्याने सोडू दिले नाही. आता कॅन उजवीकडे असतात आणि जाळे डावीकडून टाकतात.